जास्वंदीला शाडू बाधला : एका कुंडीचं प्रकरण

पुण्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं आहेत. एक आमचं, एक समोरच्या काकूंचं. काकूंच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत चौदा इंची कुंडीत एक लाल जास्वंद आहे. पाच पाकळ्यांची, साधी, गावठी. नर्सरीतल्या पिवळ्या-नारिंगी संकरित जास्वंदींपुढे ती अगदीच घरगुती दिसते. पण त्या दोन पावसाळ्यांत रुसतात आणि ही श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत दिवसाला चार-सहा फुलं काढते. या प्रकरणाची रुग्ण हीच.

काकूंची फुलं तोडायची पद्धत ठरलेली आहे. सकाळी आंघोळ झाल्यावर तोडायची, दिवे लागल्यानंतर झाडाला हात लावायचा नाही, आणि कितीही फुलं लागली तरी एक झाडावर ठेवायचं. तांदळाचं धुवण जास्वंदीला, डाळीचं पाणी कढीपत्त्याला. पूर्वी मला हा सगळा सोवळ्याओवळ्याचा भाग वाटायचा. नंतर लक्षात आलं, की हा त्यांचा हिशेब आहे. घेतलं तेवढं कुठल्या तरी रूपात त्याच दारात परत गेलं पाहिजे. बिघाड झाला तो याच हिशेबात, आणि तोही अतिशय चांगल्या मनाने.

2023 साली गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. काकूंचा नातू पाचवीत होता. शाळेतल्या कार्यशाळेत त्याने शाडूची नऊ इंची मूर्ती केली. सोंड जरा जाड, एक कान दुसऱ्यापेक्षा वर, पण डोळे असे काही जमले होते की बघणारा तिथेच थांबे. पितांबराला हळद, शेल्याला गेरू, डोळ्यांपुरता काळा रंग. बाकी मूर्ती मातीच्याच रंगाची. काकूंकडे गौरीबरोबर गणपती जातात, म्हणजे त्या वर्षी 23 सप्टेंबरला. काकांचे गुडघे दुखत होते, म्हणून घरीच पितळी घंगाळात विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मूर्ती पार विरघळली आणि घंगाळभर राखाडी चिखल राहिला.

आता हे पाणी टाकायचं कुठे? काकूंनी विचार करायलाही वेळ घेतला नाही.

“जास्वंदीला. पाच दिवस तिचीच फुलं वाहिली. तिच्याइतका मान कुणाचा?”

हेही लिहायला हवं, की मी तिथेच उभी होते. कुंड्यांमधलं आपल्याला चारचौघांपेक्षा थोडं जास्त कळतं असा माझा समज आहे. मी “वा, काय छान” म्हटलं आणि मोबाइलवर फोटोसुद्धा काढला. त्या फोटोत काकू कडेकडेने, कुणाला औषध पाजावं तसं ते पाणी ओतताना दिसतात.

पिवळी पानं आणि ओली ताटली

आठवडाभर काही झालं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडायला लागली. मग कळ्या गळू लागल्या. हिरव्या, घट्ट मिटलेल्या कळ्या देठापासून सुटून खाली पडत. काकू रोज सकाळी त्या वेचून निर्माल्याच्या मडक्यात टाकत आणि मला दाखवत.

सुरुवातीचे सगळे उपाय चुकले. कसे चुकले ते सांगते, कारण या चुका बहुतेक घरांत याच क्रमाने होतात. ऑक्टोबरचं ऊन होतं, म्हणून पहिला संशय पाणी कमी पडतंय असा. काकूंनी संध्याकाळचं पाणी वाढवलं. पाणी घातलं की जरा वेळाने कुंडीखालच्या ताटलीत ओल दिसे, म्हणजे पाणी खालपर्यंत पोचतंय असं आम्ही धरलं. दुसरा संशय खताचा. मी स्वतः दोन मुठी शेणखत आणून दिलं. तिसरा पिठ्या ढेकणाचा. जास्वंदीवर तो हमखास येतो, आणि शेंड्याजवळ खरंच दोन-तीन पांढरे ठिपके होते. कडुनिंबाचं तेल फवारलं, ठिपके गेले, पानं पिवळी व्हायची थांबली नाहीत. आजारी झाडावर पिठ्या येतोच. तो आजारामागून आलेला पाहुणा होता, आजार नव्हे.

कुंडीच्या वरच्या मातीकडे मात्र कुणी नीट पाहिलं नव्हतं. तिच्यावर राखाडी साय धरली होती, मध्ये भेगा गेल्या होत्या. काकू त्या भेगांवरून हात फिरवून म्हणायच्या, “बाप्पा अजून दिसतात बघ.”

पाचवी माळ

धागा सापडला तो नवरात्रात, आणि जास्वंदीत नाही, घटात.

15 ऑक्टोबरला घटस्थापना होती. एरवी काकू घटाची माती मंडईतून आणतात. घटस्थापनेच्या आधी तिथे परडी, पत्रावळ, सात धान्यांची पुडी आणि शेतातल्या काळ्या मातीचे ढीग असं सगळं एका रांगेत मिळतं. त्या वर्षी त्यांनी माती आणली नाही. जास्वंदीच्या कुंडीतला वरचा थर खुरप्याने उकरून परडीत घातला. “बाप्पाची माती घरात असताना विकतची कशाला?” हा विचार मला आजही सुंदर वाटतो. आमचा घट मात्र मंडईतल्या मातीचा होता. धान्य दोन्हीकडे एकाच पुडीतलं, कारण ती पुडी आम्ही वाटून घेतली होती. पाणीही रोज सारखंच, एक-एक फुलपात्र.

पाचव्या माळेला आमच्या घटात बोटभर पिवळट हिरवे अंकुर होते. काकूंच्या परडीत कडेने गव्हाचे पाच-सहा कोंब, मध्ये काहीच नाही. सातव्या माळेला आमचे वीतभर झाले. काकूंच्या परडीत मध्यभागी बोट घातलं तर ज्वारीचे दाणे मऊ पडलेले, आंबूस वासाचे निघाले.

काकू हबकल्या. घट कसा उगवतो यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं असं मानणाऱ्या पिढीतल्या त्या. काकांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यातली होती.

“अगं, काही चुकलं का गं आमचं?” त्यांनी हळूच विचारलं. आतल्या खोलीत काकांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू.

मी म्हटलं, “काकू, देवाचं नाही, मातीचं चुकलंय.” बोलले खरी, पण त्या क्षणी माझ्याकडे पुरावा काही नव्हता. फक्त त्या परडीचा आणि कुंडीचा वास एकच आहे एवढं नाकाला कळलं होतं.

घट हा श्रद्धेचा विधी आहेच, पण त्याच्या पोटात बियाण्याची आणि मातीची चाचणीही बसलेली आहे. खरीप हातात येतो आहे, रब्बीच्या पेरण्या तोंडावर आहेत, अशा वेळी नऊ दिवस घराघरांत मूठमूठ धान्य थोड्या मातीत रुजवून पाहायचं. काकूंच्या घटाने त्याचं काम चोख केलं होतं. वाईट बातमी आणली म्हणून निरोप्यावर अपशकुनाचा आळ येत होता, इतकंच.

पुरावा करायला सोपा होता. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, एक तृतीयांश कुंडीतली माती, वर पाणी, झाकण लावून खूप हलवली आणि ओट्यावर ठेवून दिली. दुसऱ्या बरणीत माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीतली माती. माझ्या बरणीत वाळू मिनिटाभरात तळाशी बसली, तिच्यावर तासा-दोन तासांत गाळ आला, पालापाचोळ्याचे कण वर तरंगले, पाणी संध्याकाळपर्यंत फिकट चहासारखं झालं. काकूंच्या बरणीतलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही ताकासारखं पांढुरकं होतं. मग दोन्ही कुंड्यांत वरून एकेक लिटर पाणी घातलं. माझ्या कुंडीत ते मिनिटभरही दिसलं नाही. जास्वंदीच्या कुंडीत मध्यभागी तळं साचलं आणि कडेच्या फटीतून मात्र भराभर खाली गेलं.

ताटलीतल्या ओलीचं कोडं तिथे सुटलं.

कुंडी पालथी केली तेव्हा

मध्ये दसरा होता. खंडेनवमीला काकूंनी विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, काकांची पक्कड आणि गॅलरीतलं खुरपं अशी हत्यारं पाटावर मांडून पूजली. खुरप्याच्या मुठीला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. त्या दिवशी त्याला काम सांगायचं नसतं. 25 ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच हळदीच्या बोटांच्या खुरप्याने आम्ही जास्वंद काढली.

आत तीन वेगवेगळ्या दुनिया होत्या. वर बोटाच्या पेराएवढा, म्हणजे साधारण इंचभर जाडीचा शाडूचा थर, खापरीसारखा कडक. नऊ इंची मूर्तीला तीनेक किलो माती लागली असेल. चौदा इंची कुंडीत ती पसरली की एवढाच थर होतो, हिशेब बरोबर बसतो. त्याच्याखाली मधला सगळा गोळा कोरडा ठक्क. मुळं पांढरी, पण सुतळीसारखी सुकलेली. महिनाभर दोन वेळा पाणी घातलेल्या कुंडीच्या पोटात धूळ निघाली! आणि तळाला चार बोटं काळा, आंबलेला चिखल, त्यातली मुळं बोटात धरली तर साल हातात येत होती. तळाच्या भोकात शाडूचं बूच बसलं होतं. पुरतं नाही, झिरपण्यापुरती जागा होती.

म्हणजे झाड एकाच वेळी तहानलेलंही होतं आणि बुडालेलंही. ओतलं त्या दिवशी पातळ शाडू भेगांतून खाली गेला आणि भोक अर्धं बुजवलं. उरलेला वर बसला. ऑक्टोबरच्या उन्हात तो आकसला, कुंडीच्या काठापासून सुटला आणि कडेने फट पडली. मग घातलेलं प्रत्येक पाणी त्या फटीतून थेट तळाला. मधल्या मुळांना थेंब नाही, तळाच्या मुळांना हवा नाही. पाणी वाढवलं तसं खालचं डबकं वाढलं. माझं शेणखतही त्या डबक्यात जाऊन कुजत बसलं.

शाडू वाईट नाही, तो फार बारीक आहे. वाळूचा कण दोन मिलिमीटरपर्यंत असू शकतो, चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान. या बारीक कणांमुळेच शाडूला गुळगुळीतपणा येतो, नखाने भुवई कोरता येते, सोंडेला वळण देता येतं. मूर्तिकाराला जे हवं तेच मुळांना नको असतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि हवा राहते कणांमधल्या मोकळ्या जागेत. शाडूत तशी जागा जवळजवळ नसते, आणि झाडाने खावं असंही त्यात फारसं काही नसतं.

काकांनी इथे एक रास्त शंका काढली. ते मूळचे बार्शीकडचे. “आमच्या रानातली काळी माती काय कमी चिकट आहे? पायाला गोळे येतात. मग तीत ज्वारी कशी येते?” काळी माती चिकट असली तरी ती नुसता चिकट कणांचा लगदा नसते. तिच्यात कुजलेलं काडीकचऱ्याचं द्रव्य असतं, त्याने कण एकमेकांना धरून बारीक ढेकळं बनतात, आणि ढेकळांमधून हवा खेळते. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसाळ्यात फुगते, म्हणजे दरवर्षी स्वतःच स्वतःला उलथीपालथी करते. शिवाय रानाला तळ नसतो. चौदा इंची कुंडीला तळ असतो आणि त्याला एकच भोक. काकांना हे पटलं, निदान “हं” एवढं तरी ते म्हणाले.

उपचार साधे होते. काळी मुळं कात्रीने काढली, उरलेली बादलीतल्या पाण्यात हलकेच धुतली. कुंडी घासली, भोकावर उलटी खापरी ठेवली, दोन भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पालापाचोळ्याचं खत असं मिसळून झाड पुन्हा लावलं. मुळं कमी झाली होती, म्हणून वरच्या फांद्याही तिसऱ्या हिश्श्याने छाटल्या. हे काकूंना जड गेलं. प्रत्येक फांदीवर एखादी कळी होतीच. तीन आठवडे सावलीत ठेवलं, खत बंद, पाणी बोट घालून वरची माती कोरडी लागली तरच.

हळीव उगवला, गहू का नाही?

काढलेला शाडू, ढेकळं मिळून घमेलंभर भरला. काकू तो कचऱ्यात टाकू देईनात, आणि मलाही टाकवला नसता. दिवाळी तोंडावर होती, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला. खाली मुलांचा किल्ला चालू होता. विटांचे तुकडे, पोती, त्यावर मातीचा चिखल. नातवाने घमेलं पळवलं आणि राजगडाच्या तटबंदीला शाडूचा गिलावा दिला. तो इतका सफाईदार बसला की शेजारच्या विंगची मुलं हेवा करायला आली. शाडूला हवं ते काम मिळालं होतं.

मग मुलांनी शेतं म्हणून त्याच शाडूवर हळीव पेरला. आणि हळीव उगवला! चौथ्या दिवशी उतारावर हिरवी मखमल. काकूंनी मला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं. “आता काय म्हणशील? हीच ना ती माती?”

मी क्षणभर निरुत्तर झाले. उत्तर हळिवाच्या खिरीत आहे. हळीव भिजवला की दाण्याभोवती बुळबुळीत आवरण फुगतं. ते पाणी धरून ठेवतं आणि दाणा जिथे पडेल तिथे चिकटवतं. हळीव मातीच्या वर रुजतो, त्याला हवा वरून मिळते, आणि किल्ल्यावर त्याने आठ-दहा दिवस हिरवं दिसावं एवढीच अपेक्षा असते. तेवढी शिदोरी दाण्यात असते. ओल्या टिपकागदावरही तो येतो. परडीतला गहू आणि ज्वारी शाडूच्या पोटात, हवेवाचून दाबली गेली होती. कडेचे पाच-सहा कोंब आले ते परडीच्या विणीतून हवा लागली म्हणून. पंधरा दिवसांनी हळीव पिवळा पडून आडवा झाला. तोवर मुलांचा किल्ल्यातला रस संपला होता, त्यामुळे कुणी हळहळलं नाही.

दुसरं वर्ष

माघी गणेशजयंती 13 फेब्रुवारी 2024 ला होती. त्या दिवशी जास्वंदीला पहिलं फूल आलं असतं तर गोष्ट फार छान झाली असती. आलं ते दोन दिवस उशिरा. काकूंनी ते तोडलं नाही. एकच फूल होतं आणि एक झाडावर ठेवायचं असतं.

खरा प्रश्न पुढच्या भाद्रपदाचा होता. काकूंचं म्हणणं, झाडाला नाही द्यायचं तर मग त्या मातीचं करायचं काय? नदीत नको हे त्यांना मान्य होतं. हौदात सोडली तरी ती कुठे तरी जाऊन गाळच होणार.

उत्तर शाडूच्या स्वभावातच होतं. कुंभाराचं मडकं एकदा भाजलं की त्याची परत माती होत नाही. मूर्ती भाजलेली नसते. ती फक्त वाळलेली असते, पाणी मिळालं की पुन्हा कालच्यासारखी मऊ. म्हणजे त्याच मातीचा पुढच्या वर्षी पुन्हा गणपती. उत्तरपूजेत अक्षता टाकून “पुनरागमनाय च” म्हणतात, मूर्ती जागची जराशी हलवतात आणि देवत्व गेलं असं मानतात. उरते ती माती. काकू हे मंत्र पन्नास वर्षं ऐकत आल्या होत्या. त्यांनीच एकदम म्हटलं, “म्हणजे पुनरागमन मातीचंही करता येईल की!”

2024 साली नवी मूर्ती याच विचाराने केली. शाडूत कापूस, काथ्या मिसळला तर मूर्तीला बळकटी येते, पण पुढच्या वर्षी ते धागे काढताना जीव जातो. म्हणून नुसता शाडू. चकाकी, टिकल्या, चिकटवायचे खडे नाहीत. दागिने कागदी, सुट्टे, विसर्जनाआधी उतरवता येतील असे. हात आणि सोंड जोडताना दोन्ही बाजू काट्याने खरवडून मध्ये पातळ शाडूचं बोट लावायचं, नाहीतर श्रावणातल्या दमट हवेत सगळी मूर्ती संथ वाळते आणि सांधा मात्र सुटतो. नातवाचा मूषक असाच दोनदा बिनशेपटीचा झाला.

विसर्जनानंतर घंगाळ दोन दिवस झाकून ठेवलं. पाण्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवला की गढूळपणा लवकर खाली बसतो, आपल्या आज्या पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याला करायच्या तसंच. वरचं नितळ पाणी ओतून टाकलं. खालचा चिखल जुन्या मलमलच्या साडीतून गाळला. दूर्वांची पाती, अक्षता, कापसाच्या वस्त्राचा धागा असं सगळं साडीत राहिलं. गाळलेला चिखल त्याच साडीत बांधून गॅलरीत टांगला, चक्का बांधतात तसा. चौथ्या दिवशी कणकेसारखा झाला, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर. मुरलेली माती नव्या मातीपेक्षा हाताला जास्त लवचीक लागते, हे मूर्तिकारांना ठाऊकच असतं. आम्हाला पुढच्या वर्षी कळलं.

वाटेत एक फाटा. आमच्याच जिन्यात एका घरी त्या वर्षी प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती होती. ती बादलीत आठवडाभर तशीच बसून राहिली, फक्त रंग सुटला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर शोधलेला उपाय महापालिका लोकांपर्यंत पोचवते. बिस्किटं फुगवायला बेकरीत लागणारं अमोनियम बायकार्बोनेट, साधारण मूर्तीच्या वजनाएवढं, पाण्यात घालायचं. प्लास्टरचं रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेटमध्ये होतं. पहिलं खाली बसतं, दुसरं पाण्यात राहतं आणि ते खत आहे, भरपूर पाणी मिसळून झाडांना चालतं. गंमत बघा. जी मूर्ती पर्यावरणाची वैरी, तिचं पाणी झाडाला चालतं, आणि जी मातीची, तिचा गाळ चालत नाही! अर्थात रंगवलेल्या मूर्तीचं पाणी मी खाण्याच्या भाजीला घालणार नाही, आणि त्या दोन दिवसांत त्या घरात अमोनियाच्या वासाने कुणाला बसवत नव्हतं, हेही सांगायला हवं. पण मातीचं म्हणजे झाडाचं, हे आपण किती सहज धरून चालतो ते त्या बादलीपाशी कळलं.

लाल मातीत खत आणि बी घालून केलेल्या मूर्ती मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी. ती मुळात कुंडीचीच माती असते, तिला गणपतीचा आकार दिलेला असतो. रोप येतं. फक्त नाक-डोळे शाडूइतके रेखीव होत नाहीत, आणि नातवाला ते पटलं नाही. त्याला सोंडेवर वळ्या हव्या होत्या.

मग जास्वंदीला काय?

काकूंचा हिशेब अजून पुरा झाला नव्हता. मूर्तीची माती माळ्यावर गेली. मग पाच दिवस फुलं देणारीला काय?

खरं तर तिचं देणं त्यांच्या निर्माल्याच्या मडक्यात आधीपासूनच शिजत होतं. गौरी-गणपतीत काकूंकडे दूर्वा, आघाडा, बेल, शमी, केनी, तेरडा, झेंडू, शेवंती मिळून दोन मोठ्या पिशव्या निर्माल्य निघतं. तळाला आणि अंगाला भोकं पाडलेल्या मडक्यात ते वाळक्या पानांबरोबर थराथराने घालायचं, मधूनमधून आंबट ताक शिंपडायचं, आठवड्याला एकदा काठीने हलवायचं. अगरबत्तीच्या काड्या, दोरे, कुंकवाचे गोळे, कापराची काजळी वेचून बाहेर. दूर्वा मात्र आधी उन्हात कडकडीत वाळवाव्या लागतात. नाहीतर प्रत्येक गाठीला मूळ फुटतं आणि मडक्यात खताऐवजी हिरवळ तयार होते. पहिल्या वर्षी आमची झाली होती, आणि काकू ती उपटू देत नव्हत्या, कारण दूर्वा!

भाद्रपदात भरलेलं मडकं मार्गशीर्षात काळं, भुसभुशीत, पावसाच्या वासाचं होतं. डिसेंबर 2024 मध्ये त्यातल्या चार ओंजळी जास्वंदीला मिळाल्या. स्वतःचीच गेल्या मोसमातली फुलं तिने परत खाल्ली म्हणायची.

2025 च्या गणपतीला, 27 ऑगस्टला, तीच माती दुसऱ्यांदा पाटावर बसली. साडीला, हाताला, घंगाळाला लागून दरवर्षी थोडी कमी होतेच, म्हणून अर्धा किलो नवा शाडू मिसळावा लागला. तरी मूर्ती साडेआठ इंचांचीच झाली. नातू आता सातवीत, त्याला कान एका रेषेत जमले. काकूंचं मत, जुना गणपती जास्त आपल्यातला दिसायचा. माझंही तेच, पण मी बोलले नाही. काका नव्या गुडघ्याने आरतीला उभे होते, टाळ वाजवत, एक ठेका मागे.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत गेले तेव्हा घंगाळ झाकलेलं होतं आणि काकू जास्वंदीपाशी बसल्या होत्या. नदीवर विसर्जन करायचे तेव्हा पाटावरून मूठभर वाळू घरी आणत आणि घरभर शिंपडत. त्यांच्या सासूबाईंची ती पद्धत. त्यांनी बोटाच्या टोकावर चिमूटभर शाडू घेतला होता.

“एवढा चालेल ना गं?”

“एवढा चालेल, काकू.”

त्यांनी तो खोडाजवळ लावला, वर पळीभर पाणी घातलं, आणि पाणी जिरतंय का ते बघत बसल्या.